सापाच्या पिलाचें उष्टावण

नागपंचमीला गारुड्याच्या टोपलीपुढें दुधाची वाटी ठेवणाऱ्या आईचा पदर धरून आम्ही उभे राहात असूं, त्यास आतां अर्धें शतक होत आलें. साप दूध पितो याविषयीं त्या वेळीं आम्हांस तिळमात्र शंका नव्हती. पुढें कळलें तें असें, कीं सणापूर्वीं कित्येक दिवस त्या जिवास पाण्यावांचून कोंडून ठेवीत. मग तहानेनें व्याकुळ होऊन समोर येईल तें पातळ तो घशाखालीं घाली. दूध त्यास पचत नाहीं तें नाहींच. असा आमचा पाहुणचार!

याची आठवण झाली ती गेल्या उन्हाळ्यांत अमेरिकेंत, ओहायओ संस्थानांत, धाकट्या बंधूच्या घरीं. आमच्या बारा वर्षांच्या पुतण्यानें कॉर्न स्नेक जातीच्या सापांची जोडी पाळली आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळें असे देशी साप घरीं बाळगतां येत नाहींत. तिकडे हा बिनविषारी प्राणी दुकानांत उघड मिळतो. आम्ही पोहोंचलों त्याच आठवड्यांत, दोन महिने ऊबेंत ठेवलेलीं अंडीं फुटलीं. फुटलीं म्हणणें चूकच. पिलांनीं तीं आंतून चिरलीं, आणि नुसतें डोकें बाहेर काढून दिवसभर तशींच बसून राहिलीं, जणूं या जगांत यावें कीं न यावें याचा विचार करीत.

पिलें अकरा, वीत-सव्वा वीत लांबीचीं. "यांना खायला काय?" आमचा पहिला प्रश्न. "आत्ता कांहींच नाहीं, काका." अंड्यांतला बलक पोटांत शिल्लक असतो; पहिली कात टाकीपर्यंत, म्हणजे आठदहा दिवस, त्यांना अन्न लागत नाहीं. त्यानंतरचें उष्टावण मात्र आमच्यासारख्या शाकाहाऱ्यानें पाहण्याजोगें नव्हतें. केंसही न फुटलेलें उंदराचें मेलेलें पिलूं बर्फांतून काढून कोमट पाण्यांत ठेवावयाचें, नि चिमट्यानें पुढें करावयाचें. दहांनीं तें गिळलें; अकराव्यानें तोंड फिरविलें.

पांच दिवसांनीं पुन्हा नकार. उंदरास पालीचा वास लावून पाहिला, कारण रानांत हीं पिलें सरडे-पालीच धरतात, तरीही नकार. त्याच्या पाठीचा कणा वर दिसूं लागला. तोंड उघडून आंत सारावें, असें आम्हीं सुचविलें. लहानपणीं एरंडेल आम्हांस असेंच मिळालें, आणि वर्गांत तीस वर्षें आम्ही तरी दुसरें काय केलें? पुतण्या म्हणाला, "तो अगदीं शेवटचा उपाय, काका. तें घाबरतं." त्यानें पिलूं व उंदीर एका लहान डबींत ठेवून झांकण लावलें. "रात्रीं कोणी बघायचं नाहीं हं."

मध्यरात्रीं आम्ही विजेरी घेऊन गेलों, आणि झांकण उचललें. पिलूं उंदरापाशीं मान लांबवून होतें. प्रकाश पडतांच तें आक्रसून कोपऱ्यांत गेलें. सकाळीं उंदीर तसाच. "अजून तयार नसेल," पुतण्या म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. आम्ही चहा पीत राहिलों.

पुढचे पांच दिवस आमचे बरे गेले नाहींत. त्या रात्रीं विजेरी आम्हीं मुद्दाम भावजयीच्या स्वाधीन केली. सकाळीं डबींत उंदीर नव्हता. पिलाच्या मध्यावर बोटाच्या पेराएवढा फुगवटा होता. आम्ही हात पुढें केला, तो पुतण्यानें अडविला: दोन दिवस उचलावयाचें नाहीं, ओकून टाकील.

झांकणाची हकीकत त्यास आम्हीं अद्याप सांगितलेली नाहीं.