आरसा पुसू नये

आम्ही दोघे मराठी शिकवतो. दुर्बीण हा काही आमचा विषय नव्हे. तरीही अंबाजोगाईतील आमच्या गच्चीवर सहा इंची परावर्तक दुर्बीण आहे, आणि हिवाळ्यात विद्यार्थी तिच्यातून चंद्र पाहून जातात. या उन्हाळ्यात तिच्या तळाचा आरसा बाहेर काढला, तेव्हा धुळीआधी आमचा जुना अपराधच डोळ्यांत भरला.

दुर्बीण नवी असताना आम्ही हा आरसा घरच्या आरशासारखा मऊ फडक्याने पुसला होता. घरच्या आरशाचा मुलामा काचेच्या पाठीमागे सुरक्षित असतो. दुर्बिणीत मात्र तो पुढच्या बाजूस असतो, आणि ॲल्युमिनियमचा तो थर मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतकाच जाड. आमच्या फडक्याने धूळ उचलली नाही, ती त्या थरावरून फरफटत नेली. हाताच्या वळणाचे बारीक चरे आजही तिथे आहेत.

पूर्वी असे आरसे चांदीचे असत. लेओं फूको याने १८५०च्या दशकात काचेवर चांदी चढवली. पुण्यात १८८८ साली स्थापन झालेल्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेत वीस इंची परावर्तक दुर्बीण होती. वेधशाळा बंद झाल्यावर, १९१२ साली, ती कोडाईकनालला गेली. चांदी हवेने काळवंडते, म्हणून मुलामा वारंवार नव्याने द्यावा लागे. १९३०च्या दशकात ॲल्युमिनियम आले आणि ही दगदग कमी झाली.

आरशाची अवस्था जोखायची कशी? तिरपा टॉर्च मारला की कोणताही आरसा भयंकर दिसतो. त्या दृश्यावर विसंबू नये. पाठ गुळगुळीत असेल तर आरशामागे दिवा धरून समोरून पाहावे. मुलामा झिजला असेल तिथे प्रकाशाचे ठिपके आणि विरळ डाग दिसतात. ते फार असतील तर नवा मुलामा द्यावा. थोडी धूळ असेल तर आरसा तसाच राहू द्यावा; तिच्याने प्रकाश फारसा घटत नाही.

यंदा मात्र धुळीला चिकटपणा आला होता. अंगठ्या काढल्या, टबात टॉवेल अंथरला, आरशावरून पाणी सोडले. मग सौम्य साबणाचे दोन थेंब घातलेल्या पाण्यात भिजवलेला कापूस, केवळ त्याच्या स्वतःच्या वजनाने, एकाच दिशेने ओढला. प्रत्येक बोळा एकदाच वापरून टाकला. आमच्या बोअरचे पाणी वाळले की पांढरे डाग सोडते, म्हणून शेवटची धार डिस्टिल्ड वॉटरची. मग आरसा कलता ठेवून दिला.

तो वाळेपर्यंत बोलणे निघाले ते एकनाथांचे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि पुढच्यांनी तीत आपली भर घालू नये असेही बजावले. आम्हाला मात्र निबंधांच्या वह्या आठवल्या. कितीतरी वर्षे आम्ही मुलांच्या लिहिण्यातली बीडकडची बोली लाल शाईने पुसत आलो. त्यांतली काही मुले पुढे लिहिती राहिली नाहीत. कारण आमचीच शाई, असे म्हणवत नाही. नव्हती, असेही म्हणवत नाही.

रात्री आरसा बसवून, जुळवून स्वाती पाहिली. तांबूस, नेटकी. चरे होतेच, ताऱ्यात ते दिसले नाहीत.