खण

मराठवाड्यात घर किती मोठे, हे खोल्यांवरून सांगत नसत. ‘पाच खणांचे माळवद’ म्हटले की ऐकणाऱ्याला घरही कळे आणि घरधन्याची ऐपतही. दोन तुळयांमधले अंतर म्हणजे खण. दगडी उथळ्यांवर सागाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचण आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. भोवतीच्या दगडमातीच्या भिंती आडोशाला. घर पेलायचे ते लाकडाने.

१९५६ साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आम्ही मलकपेठेत राहिलो. नोकऱ्या इकडे, खण तिकडे औसा तालुक्यात, अशी आमच्यासारखी पुष्कळ घरे या शहरात आहेत.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे ८,००० माणसे गेली. त्यानंतर जो तो म्हणू लागला, जुनी घरे माणसे मारतात. हे निदान अर्धेच खरे होते. पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना आढळले की, भिंती ढासळूनही जिथे लाकडी सांगाडा धड होता तिथे छत पुष्कळदा वरच राहिले. जिथे तुळया नुसत्या भिंतींवर टेकवल्या होत्या तिथे भिंतीमागोमाग मातीचे ओझेही खाली आले. आमच्या घराची उत्तरेची भिंत पूर्ण गेली. काकू मधल्या खणात निजल्या होत्या, त्या वाचल्या.

म्हणूनच जपानी घरांविषयी वाचताना आम्हांला परकेपणा वाटत नाही. तिथेही जुन्या पद्धतीत खांब दगडावर नुसता टेकलेला असे आणि सांधे खाचाखुंट्यांचे असत. हादरा बसला की सारे थोडे हलून घेते. होर्यूजी मठाचा सुमारे ३२ मीटर उंचीचा पाच मजली मनोरा तेराशे वर्षे उभा आहे. पण लाकडाची भाबडी भक्तीही नको. १९९५ साली कोबे येथे जुनी लाकडी घरेच जड कौलांच्या भाराने मोठ्या संख्येने कोसळली. आमची पांढरी माती आणि त्यांची कौले, दोन्हींचा दोष एकच.

इसे येथील देवालय दर वीस वर्षांनी नव्या हिनोकी लाकडात पुन्हा बांधतात. मागची खेप २०१३ ची, पुढची २०३३ ची. उतरलेल्या मोठ्या खांबांपैकी काहींचे उजी पुलाशी तोरण होते आणि आणखी वीस वर्षांनी तेच लाकूड दुसऱ्या गावच्या तोरणाला जाते. तोक्योच्या २०१९ च्या राष्ट्रीय क्रीडागारासाठी केंगो कुमा यांनी देशाच्या सर्व ४७ प्रांतांतले लाकूड आणवले. त्या कौतुकापेक्षा हे फिरते खांब आम्हांला अधिक भावतात. इथे पत्थरगट्टीजवळच्या बादशाही आशुरखान्यात निजामी अमदानीतले उंच लाकडी खांब अजून आहेत, ते पाहायला आम्ही अधूनमधून जातो. (चकचकीत टाइल्स पाहून लोक परततात, खांबांना कोणी विचारत नाही.)

हे सारे आठवायचे कारण गावाकडचा निरोप. चुलतभावाला घर उतरवून सिमेंटचे बांधायचे आहे. लाकूड घनफुटावर मागणारा व्यापारी येऊन गेला. त्याचे टीपॉय होतील, झोपाळे होतील. आम्ही विरोधाचा सूर लावला, तेव्हा तो फोनवर म्हणाला, “दादा, तुम्ही तिकडं स्लॅबखाली झोपता. इथं पोरं पाऊस लागला की वर बघत बसतात.” यावर उत्तर नव्हते. माती उतरवून वर हलके पत्रे घालता येतील, हे आम्ही सुचवले. खर्चाचा आकडा ऐकून दोन्ही बाजू गप्प झाल्या.

अखेर असे ठरले की मधला खण, म्हणजे चार खांब आणि दोन तुळया, नव्या घरापुढे ओसरी म्हणून उभा करायचा, वर पत्रा. बाकीचे लाकूड विकायचे, आणि या खणाचा खर्च मलकपेठेने द्यायचा. काकूंनी फक्त एवढेच विचारले की उथळे तीच राहणार ना. सुतार औशाचा, सत्तरी उलटलेला. त्याची एकच अट आहे: सांधे सोडवताना प्रत्येक तुकड्यावर खुणेचे आकडे तो स्वतः घालणार, तोवर कोणी हातोडा लावायचा नाही. व्यापाऱ्याला तसे कळवले आहे.