केसभर सूत

मागच्या दिवाळीत नोएडातल्या एका मराठी घरात नवा पाहुणा आला. काळ्या रंगाची, जाडजूड पुस्तकाएवढी पेटी. तिला ना कॅसेट लागे, ना सीडी. गाणी तिच्या पोटात साठवायची, ती अ‍ॅम्प्लिफायरला जोडायची आणि मोठ्या स्पीकरवर ऐकायची. मुलाने ती आप्पांसाठी, म्हणजे वडिलांसाठी, हौसेने आणली होती. किंमत मात्र सूनबाईंनी तीनदा विचारूनही कळली नाही.

आप्पा मूळचे मिरजेचे. नोकरीसाठी दिल्लीला आले ते इकडेच राहिले. पण मिरज काही सुटली नाही. तिथल्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आप्पांनी शेजारीपाजारी पेढे वाटले होते. लहानपणी शाळेतून परतताना ते वाद्ये करणाऱ्या कारागिरांच्या दुकानाच्या पायरीवर बसून राहत. कारागीर तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा घाली, तो केसभर पुढे-मागे सरकवी, आणि नुसती टणटणणारी तार एकदम झळाळून उठे. हीच जवारी! तेव्हापासून कोणत्याही यंत्राची आप्पांची परीक्षा एकच. “तंबोरा कसा वाजतो ते आधी दाखवा, गाण्याचं मग बोलू.”

मुलाने यंत्राची माहिती सांगितली. “आप्पा, सीडीसाठी आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतात. यात ९६,००० किंवा १,९२,०००सुद्धा चालतात. शिवाय सीडीवर प्रत्येक नमुना १६ बिटांत मोजलेला असतो, इथे २४ बिटांत. म्हणजे मोजायची पट्टीच जास्त बारीक!”

लक्ष्मीपूजन आटोपल्यावर सगळे ऐकायला बसले. गायकाच्या आधी तंबोरा सुरू झाला. “अगंबाई, किती स्वच्छ!” सूनबाई म्हणाल्या. “आजोबा, मधमाश्या गुणगुणतायत!” नातू ओरडला. आप्पा मात्र गप्प. गाणे संपल्यावर म्हणाले, “तुझ्या यंत्रात जवारी नाही. तंबोऱ्यावर घोंगडी टाकल्यासारखं वाटतंय. परत करून टाक.”

मुलाचा चेहरा उतरला. त्याने वायर बदलल्या, स्पीकर पुढे-मागे केले, दुसऱ्या गायकाचे गाणे लावून पाहिले. आप्पांचा निकाल तोच. दोन दिवस बापलेकांत कामापुरतेच बोलणे झाले.

कोडे सुटले ते सूनबाईंना. वर्षभरातल्या बारीकसारीक गोष्टी त्यांनी एकीला एक जोडून पाहिल्या. दाराच्या बेलची किणकिण आप्पांना ऐकू जात नव्हती. टीव्हीचा आवाज वाढत चालला होता. “हल्ली सगळे तोंडातल्या तोंडात पुटपुटतात,” ही तक्रार तर रोजचीच. रात्री त्या नवऱ्याला म्हणाल्या, “यंत्र नका बदलू. आप्पांचे कान तपासून घ्या.”

“मी काय बहिरा झालो?” आप्पा कडाडले. शेवटी नातवाने हात धरला तेव्हा कुठे कानाच्या डॉक्टरांकडे गेले. बंद खोलीत, हेडफोन लावून तपासणी झाली. आलेखावर खालच्या सुरांची रेघ बरी होती; वरच्या सुरांकडे मात्र ती उताराला लागली होती.

डॉक्टरांनी समजावले, “वयाबरोबर कानाच्या आतल्या नाजूक पेशी झिजतात आणि आधी वरचे सूर जातात. बोलण्यातले स, श, फ असे बारीक आवाज निसटतात. त्यामुळे आवाज ऐकू येतो, पण शब्द लागत नाहीत.” तंबोऱ्याचेही तसेच झाले होते. त्याचा षड्ज खालचा, तो आप्पांना ऐकू येत होता. जवारीची झळाळी वरच्या सुरांची, ती हरवली होती.

आप्पा बराच वेळ त्या आलेखाकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, “म्हणजे तंबोरा शाबूत आहे तर!”

दोन्ही कानांना श्रवणयंत्रे आली. पहिले काही दिवस वर्तमानपत्राची फडफड आणि चमच्यांचा खणखणाट यांनी आप्पा वैतागले. यंत्राने तरुणपणीचा कान परत येत नाही, हेही कळले. ते बोलणे ऐकण्यासाठी जुळवलेले असते, म्हणून गाण्यासाठी त्यात वेगळी सोय करून घ्यावी लागली.

मुलगाही थोडा शहाणा झाला. तरुण, निरोगी कानालाही साधारण २०,००० हर्ट्‌झच्या वरचे ऐकू येत नाही, आणि तिथपर्यंतचे सूर सीडीतही मावतात. शिवाय पट्टी कितीही बारीक असो, मूळ ध्वनिमुद्रणात जे टिपलेच गेले नाही, ते कुठून येणार? अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले. त्यांच्या जुन्या तबकड्यांची खरखर नव्या पेटीतही खरखरच राहते. पण त्या खरखरीपलीकडचा सूर ऐकायला कान मात्र हवेत. डोळ्यांना चष्मा लावताना आपण लाजत नाही. मग कानांच्या बाबतीतच इतका मानापमान कशाला?

महिन्याभराने घरातले सगळे पुन्हा त्या पेटीसमोर बसले. तंबोरा सुरू झाला. आप्पांनी डोळे मिटले. मुलगा श्वास रोखून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होता. थोड्या वेळाने आप्पांनी हात वर केला.

“जवारी आहे,” ते म्हणाले. “पण सूत केसभर पुढं हवं होतं.”