समाधानाची चौकट

समाधान होणे आणि समाधान मानून घेणे हे दोन प्रयोग आपल्या भाषेत शेजारी शेजारी नांदतात. त्यांच्यातील अंतर मात्र मला अलीकडेच एका रुग्णालयात उमगले.

आमच्या वन्सं वैधव्यानंतर माहेरी आल्या, त्या पतीचा आजार पदरी घेऊनच. गेली कित्येक वर्षे त्या एच.आय.व्ही.ची औषधे घेत आहेत आणि आमच्या डोंबिवलीच्या घरी बाराजणांची पंगतही सांभाळीत आहेत. ही गोष्ट घरात फक्त सासूबाईंना व मला ठाऊक. (त्यांच्या अनुमतीनेच हे लिहीत आहे, नावे मुद्दाम गाळली आहेत.)

घराजवळची सोय सोडून त्या ठाण्यास जातात. ओळखीचे कोणी भेटू नये, एवढेच कारण. परवा मी सोबत गेले. तेथे एका मुलीने छापील कागद पुढे केला: सेवेबद्दल आपण समाधानी आहात काय? वन्संनी चष्माही न लावता सगळीकडे ‘पूर्ण समाधानी’ या चौकटीत खुणा केल्या. मी पाहतच राहिले. त्या हळूच म्हणाल्या, “वहिनी, फुकट गोळ्या देणाऱ्यांना नावे ठेवू? उद्या त्याच खिडकीशी उभे राहायचे आहे.”

पंगतीतल्या पाहुण्यास ‘पोट भरले ना?’ असे विचारल्यावर ‘नाही’ म्हणणारा मी अद्याप पाहिलेला नाही. नायजेरियासारख्या दूरच्या देशातही रुग्णांना असेच प्रश्न विचारतात म्हणे. तेथील उत्तरे याहून फार निराळी असतील, असे मला वाटत नाही.

हे फुकटपण लहान नव्हे. या औषधांचा वर्षाचा खर्च एके काळी दहा हजार डॉलरच्या घरात होता. 2001 साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने आफ्रिकेतील रुग्णांसाठी तो सुमारे 350 डॉलरवर आणून दाखविला. आपल्या सरकारने 1 एप्रिल 2004 पासून ती विनामूल्य देण्यास आरंभ केला, आणि पहिल्या आठ रुग्णालयांत मुंबईचे जे. जे. होते. औषधावाचून माणसे जाताना ज्यांनी पाहिली, त्यांची जीभ तक्रारीस सहसा वळत नाही. वस्तुतः 10 सप्टेंबर 2018 पासून अमलात आलेला कायदा संमतीवाचून रुग्णाचा आजार प्रकट करण्यास मनाई करतो, आणि वीस वा अधिक माणसे असलेल्या रुग्णसंस्थेस तक्रार अधिकारी नेमावयास सांगतो. वन्संना याची वार्ताही नव्हती.

परतीच्या गाडीत मी निराळेच विचारले: तेथे बरे कशाने वाटते? मग मात्र त्या मोकळ्या झाल्या. समुपदेशक बाई दार लावून घेतात. गोळ्या तीन महिन्यांच्या एकदम मिळतात, म्हणून घरी सबबी कमी सांगाव्या लागतात. पूर्वी अन्यत्र एका कारकुनाने आजाराचे नाव घेऊन हाक मारली होती. येथे नंबर पुकारतात. आणि बोचते काय?

“बाक. तो रस्त्याकडे तोंड करून आहे. तासभर पदर ओढून बसावे लागते.”

एवढीशी गोष्ट! त्यास सुतारही नको. दोघांनी उचलून फिरविला की झाले. पण त्या कागदावर बाकासाठी चौकट नव्हती.

“मागच्या बाजूस लिहून द्या की,” मी म्हटले.

“नाव न घालता चालेल?”

तोच दिवा स्टेशन आले, डब्यात गर्दी चढली, आणि वन्सं उन्हाळ्यातल्या पापडांविषयी बोलू लागल्या.