भाकरीच्या घरातले टोस्टर

जळकोटच्या घरांतून विजेचा टोस्टर क्वचित दिसतो. गॅसवर धरायचा मात्र बऱ्याच ठिकाणी असतो. ॲल्युमिनियमच्या दोन पाळ्या, एका टोकाला बिजागरी, लांब दांडे, काळ्या मुठी आणि दोन्ही दांडे आवळून धरणारी तारेची कडी. उदगीरच्या भांड्यांच्या दुकानात विचारलं की दुकानदार आधी हेच सांगतो, "घ्या ताई, ह्याला लाईट लागत नाही." भारनियमन सोसलेल्या गावात याहून मोठी शिफारस कुठली?

*

या टोस्टरात काय काय जातं! रात्रीचं पिठलं, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. उपवासाला साबुदाण्याचं मिश्रण दाबून भरलं तर चमचाभर तेलात वड्याची चव येते. मुंबईच्या फुटपाथवरचं टोस्ट सँडविच याच अवजारावर उभं आहे: हिरवी चटणी, बटाटा, बीट, कांदा, आणि खाली कोळशाची शेगडी. ऑस्ट्रेलियातही याचा भाऊ आहे, गोल आकाराचा. तिथे त्याला जाफल आयर्न म्हणतात. पाळ्या गोल असल्या की पावाच्या कडा आपोआप कापल्या जातात आणि आतलं सारण बाहेर सांडत नाही. आपल्याकडच्या चौकोनी टोस्टराने हा गुण उचलायला हवा.

*

पावावर चित्र उमटवणारे टोस्टर. मांजराचं तोंड, हसरा चेहरा, सिनेमातला मुखवटा. युक्ती साधी आहे: तापलेली तार आणि पाव यांच्यामध्ये आकार कापलेला पत्रा असतो. पत्र्याने आच अडवली तिथे पाव पांढरा राहतो, उरलेला तांबूस होतो. अनेकजण याला पोरखेळ समजतात. मला तसं वाटत नाही. नवरात्रात घटावर बांधायला आपण कडाकण्या करतो, त्यांत वेणी आणि फणीही असते. खायच्या वस्तूला रूप देण्याची हौस आपल्या घरात जुनीच आहे. कुणी पोळ्याच्या बैलांचा टोस्टर काढला तर मी तो पहिल्या दिवशी घेईन.

*

माझ्या मते आजवरचा सर्वांत देखणा टोस्टर म्हणजे अमेरिकेतला सनबीम टी-२०. तो १९४९मध्ये आला. त्याला दाबायची कळच नाही. खाचेत पाव ठेवला की पावाच्या नुसत्या वजनाने आतली तरफ हलते, वीज सुरू होते आणि पाव हळूहळू खाली जातो. वेळ मोजणारं घड्याळही नाही. पावाचा पृष्ठभाग किती तापला ते आतली दोन धातूंची पट्टी ओळखते आणि वीज बंद करते. म्हणून ताजा पाव असो की शिळा, रंग सारखाच येतो. मग पाव तसाच शांतपणे वर येतो, उडत नाही. १९९०मध्ये जॉन रॉम्की यांनी इंटरनेटवरून चालू-बंद करून दाखवला तो टोस्टरही सनबीमचाच. इंटरनेटला जोडलेल्या पहिल्या घरगुती वस्तूंमध्ये त्याचं नाव घेतात.

*

टोस्ट-ओ-लेटर: १९३०च्या दशकाच्या अखेरीस निघालेला. एका बाजूने पाव आत, दातेरी पट्ट्यांवर पुढे सरकत दुसऱ्या बाजूने भाजून बाहेर. मधे गोल खिडकी, पाव चालताना दिसावा म्हणून. मुलांनी हातातलं सोडून तिथेच उभं राहावं असं यंत्र.

*

विजेच्या या सगळ्या टोस्टरांच्या पोटात निकेल आणि क्रोमियमची तार असते, निक्रोम. अल्बर्ट मार्श यांना तिचं पेटंट १९०६मध्ये मिळालं. त्याआधीच्या तारा लाल झाल्या की हवेत जळून तुटत. ही तार तापली की तिच्यावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तोच तिला वाचवतो. तार गुंडाळतात ती अभ्रकाच्या पापुद्र्यावर.

थॉमस थ्वेट्स या ब्रिटिश डिझायनरने सुमारे ४ पौंडांचा स्वस्त टोस्टर उघडला, तर आत ४००हून अधिक भाग निघाले. मग त्याने लोखंड, अभ्रक, तांबं खाणींतून आणून स्वतः टोस्टर बनवला. खर्च हजार पौंडांवर गेला, आणि घरच्या विजेला जोडल्यावर तो सुमारे ५ सेकंद चालला. दुकानातल्या डब्याकडे त्यानंतर मी आदराने बघते.

*

पण या डब्याची खाच कुणाच्या मापाची? कापलेल्या पावाच्या. ऑटो रोहवेडर यांच्या यंत्रावर कापलेला पाव १९२८मध्ये अमेरिकेत विकायला आला आणि सारखी जाडी मिळाल्यावर पॉप-अप टोस्टरला घराघरांत जागा मिळाली. ज्वारीची भाकरी त्या खाचेत बसत नाही. तुकडे करून घातले तर चुरा खाली पडून जळतो, आणि तो काढायला कुणी चालू टोस्टरात सुरी घालू नये, शॉक बसतो.

*

चुलीवरची भाकरी आठवा. तव्यावर दोन्ही बाजू झाल्या की ती चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांसमोर उभी करायची, फिरवत राहायचं, टम्म फुगेपर्यंत. आच समोरून येते, एका वेळी एकच बाजू भाजते. जनरल इलेक्ट्रिकचा १९०९चा डी-१२ टोस्टर नेमका असाच होता: मधे तापलेली उघडी तार, शेजारी पाव टेकवलेला, एक बाजू झाली की हाताने उलटायचा. जे काम आमच्या आया-आज्या रोज करत, त्याचंच ते विजेवरचं रूप.

*

गॅस आला, निखारे गेले, आणि ते काम पापडाच्या जाळीवर आलं. शिळी भाकरी मंद आचेवर जाळीवर ठेवली की कुरकुरीत होते. वर कारळाची चटणी आणि तेल. सोलापूरकरांनी तर हाच धंदा केला. तिथली कडक भाकरी पाकिटातून गावोगाव जाते, आठवडेच्या आठवडे टिकते. मला विचाराल तर महाराष्ट्राचा खरा टोस्ट तोच.

*

प्रणोती नगरकर या इंजिनिअर बाईंनी सिंगापुरात रोटीमॅटिक घडवलं. २००८मध्ये कंपनी सुरू झाली, २०१६मध्ये यंत्र ग्राहकांपर्यंत पोचलं. पीठ, पाणी, तेल घातलं की गरम पोळी बाहेर. मोठं काम. पण भाकरीचा प्रश्न वेगळा आहे. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नाही; पिठाची विरी गेली की थापतानाच भेगा पडतात, म्हणून उकळत्या पाण्यात मळतात. थापणं हातालाच राहू दे. निदान भाजणं आणि दुसऱ्या दिवशी कडक करणं यंत्राने घ्यावं.

*

तोवर भाकरीच्या साध्या टोस्टरसाठी कारागिराला द्यायचं टिपण. दोन गोल जाळ्या, १० इंची, बिजागरीवर उघडणाऱ्या. जाळी स्टेनलेस स्टीलची. दोन जाळ्यांमध्ये अर्ध्या इंचाची फट, भाकरी दबली तर पापुद्रा सुटत नाही. दांडा हातभर, मूठ लाकडी. गॅसवरही चालावं, चुलीवरही. अडकवायला टोकाला कडी.