मागून येणाऱ्यासाठी

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले बंगळूर मराठी माणसाला परके नाही. १६३८ साली ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, आणि आज शिक्षणासाठी व नोकरीसाठी महाराष्ट्रातील कितीतरी घरांतील मुलेमुली तेथे राहतात. त्यांच्यापैकी कुणाकडे आपण पाहुणे म्हणून गेलात, तर रविवारी पहाटे बल्लारीकडे जाणाऱ्या रस्त्यावर अवश्य जाऊन उभे राहा. दिवस उजाडण्यापूर्वीच लुकलुकत्या दिव्यांच्या सायकली उत्तरेकडे निघालेल्या दिसतील. देवनहळ्ळी मागे टाकून १,४७८ मीटर उंचीचा नंदीदुर्ग चढायचा आणि ऊन तापण्यापूर्वी परतायचे, हा येथील हौशी सायकलस्वारांचा आवडता परिपाठ आहे.

या शहराचा पाऊस मात्र आपल्याकडील पावसासारखा गणपतीनंतर निरोप घेत नाही. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या सरी येतात, जूनपासून नैर्ऋत्य मोसमी पाऊस पडतो आणि तो सरतो न सरतो तोच ऑक्टोबरात ईशान्येकडचे वारे नवा पाऊस घेऊन येतात. सरी पुष्कळदा दुपारनंतर किंवा रात्री कोसळतात. त्यामुळे पहाटे आकाश निरभ्र असले तरी रस्त्यावर पाणी आणि तांबड्या मातीचा चिखल साचलेला असतो.

पोस्टमनच्या किंवा दूधवाल्याच्या काळ्या सायकलीला याचे भय नाही. तिला मडगार्ड कारखान्यातच बसवलेले असतात. शर्यतीच्या धर्तीवरील हलक्या सायकलीला ते नसतात. शिवाय तिचा टायर, ब्रेक आणि फोर्क यांमध्ये जेमतेम बोटभरही जागा नसते. मडगार्डवाचून चाकाने उडवलेले पाणी स्वाराच्या पाठीवर येते, हे तर खरेच. पण वारा अडावा म्हणून त्याच्या चाकामागे हातभर अंतरावरून येणाऱ्या सोबत्याच्या तोंडावर ते सरळ जाते. डोळ्यांत चिखल गेला की पुढचा खड्डा दिसत नाही, आणि वेगात असलेल्या स्वाराच्या बाबतीत ही गोष्ट थट्टेची राहत नाही.

अशा अडचणीच्या जागेतही मडगार्ड बसवता येतो. प्रथम टायर आणि ब्रेकची खालची बाजू यांमधील अंतर पाहावे. सायकलीच्या हत्यारांतील ६ मिलिमीटरची ॲलन की मापासाठी पुरते. ती सहज सरकून वर मडगार्डच्या जाडीपुरती जागा उरली, तर अखंड मडगार्ड बसेल. जागा थोडी कमी पडली, तर एक माप अरुंद टायर घालावा. अशा टायरची उंची साधारणपणे रुंदीइतकीच असते. म्हणून २८ ऐवजी २५ मिलिमीटरचा टायर घेतला की सुमारे ३ मिलिमीटर जागा मोकळी होते. तरीही भागले नाही, तर मडगार्ड ब्रेकखाली अखंड नेण्याचा हट्ट सोडावा. तेथे तो कापून दोन तुकडे करावे, कडा कानशीने घासून गुळगुळीत कराव्या, आणि एक तुकडा ब्रेकच्या पुढे व दुसरा मागे घट्ट बसवावा. मडगार्डच्या सळ्यांसाठी सांगाड्यावर भोके नसतील, तर आत रबर असलेल्या पट्ट्या फोर्कभोवती आवळाव्या. फोर्क कार्बनचा असेल, तर तेथे जोर बेताचाच लावावा.

दोन गोष्टींत काटकसर करू नये. पुढच्या मडगार्डच्या सळ्या झटक्यासरशी सुटतील अशा चापात अडकवलेल्या असाव्यात. चाकात काटकी अडकून मडगार्ड चुरगळला आणि सळ्या सुटल्या नाहीत, तर चाक जागीच थांबते आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. दुसरी गोष्ट मागच्या मडगार्डच्या टोकाची. तेथे जुन्या रबरी चटईचा तुकडा कापून, जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत लोंबता ठेवावा. शेवटी चाक फिरवून घासल्याचा आवाज येतो का ते ऐकावे आणि हँडल वळवून पावलाचे टोक मडगार्डला लागते का तेही पाहावे.

इंग्लंडातील अनेक सायकल-मंडळांत हिवाळ्यातील सामूहिक फेरीला मडगार्ड लावूनच येण्याचा शिरस्ता आहे. सायकल देखणी दिसावी म्हणून मडगार्ड नाकारणारे तरुण येथेही पुष्कळ भेटतात. आपल्या घरातील कुणी त्यांच्यापैकी असेल, तर त्याला एवढेच सांगा की, चिखलात दगड टाकणाऱ्याच्या निदान स्वतःच्या अंगावर शिंतोडे उडतात. सायकलीच्या मागच्या चाकाचे मात्र दुसऱ्याच्या डोळ्यांत जातात. म्हणून ते रबराचे वीतभर फडके स्वतःसाठी नव्हे, मागून येणाऱ्यासाठी लावायचे असते.