काळी गाडी आणि कुर्ल्याचे उस्ताद

कुर्ल्याचा सीएसटी रोड म्हणजे गाडीवेड्यांची पंढरी. सीटकव्हरपासून स्पॉइलरपर्यंत बोला, काय हवं? शनिवारी मित्राची सेकंडहँड काळी स्पोर्ट्स कार घेऊन तिथल्या एका गल्लीत शिरलो. ट्यूबलाइटखाली बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे! रोज कोरड्या फडक्याने धूळ पुसण्याची कृपा. पांढऱ्या रंगावर हे खपतं, काळ्यावर नाही.

‘मशीन मारा,’ मित्र म्हणाला. उस्तादांनी आधी रंगाची जाडी मोजणारा मीटर लावला. पॉलिश ओरखडे बुजवत नाही राव, वरचा क्लिअर कोटच घासून काढतं. आणि तो असतो जेमतेम 40-50 मायक्रॉन, म्हणजे केसाएवढा. आधीच्या मालकाने बहुतेक बरीच हौस भागवलेली.

‘बॉनेट रहने दो भाई, पतला हो गया है.’

दरवाजे आरशासारखे चमकले. बॉनेटला नुसतं वॅक्स. मित्राचं तोंड एवढंसं झालं, पण निघताना त्याने मायक्रोफायबरचे चार टॉवेल घेतले.